बारांकोच्या चौकाला ‘फोटो स्टॉप’ म्हणू नका : दक्षिण अमेरिकेच्या सहली आखणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय सहल-संयोजकहो,

स. न. वि. वि.

मराठी माणसांना पेरूला नेऊन आणणाऱ्या आपल्या सगळ्या संस्थांना हे पत्र आहे. एकीचे नाव घेऊन दुसरीला सोडावे असे काही नाही. चार संस्थांची पत्रके समोर ठेवून मी लिहायला बसलो आहे आणि चारही पत्रकांत पेरूच्या राजधानीच्या, म्हणजे लिमाच्या, दिवसाखाली एक ओळ जवळजवळ त्याच शब्दांत आहे. जुने शहर, मुख्य चौक, मीराफ्लोरेसचा समुद्रकिनारा, मग ‘बारांको येथे फोटो स्टॉप’, मग इंडियन डिनर. या ‘फोटो स्टॉप’ या दोन शब्दांविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी डोंबिवलीचा. बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघे नवराबायको अशाच एका सहलीतून पेरूला गेलो. सहल चांगली झाली. खाणे-पिणे, हॉटेल, विमानांच्या वेळा, कशातच नाव ठेवायला जागा नव्हती आणि माचू पिक्चू डोळ्यांनी पाहिले याचे ऋण मी मानतो. पण बारांको या लिमाच्या समुद्राकाठच्या भागात आमची बस पोचली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आम्हाला वीस मिनिटे मिळाली. टूर मॅनेजरने झेंडी वर केली, आम्ही अठ्ठावीस जण तिच्यामागून झपाझप चौक ओलांडून ‘उसाश्यांचा पूल’ म्हणतात त्या पुलावर गेलो. पहिल्यांदा पूल ओलांडताना श्वास रोखून मनात इच्छा धरायची, ती पुरी होते, असे सांगण्यात आले. सर्वांनी श्वास रोखला, फोटो काढले, परत फिरलो. माणसे मोजली गेली. एक कमी भरली. ती माझी बायको.

तिचे गुडघे दुखतात. पुलापर्यंतच्या पायऱ्या बघून ती चौकातल्या बाकावरच बसली होती. आम्ही परतलो तेव्हा तिच्या शेजारी तिच्याच वयाची एक बाई बसलेली होती आणि दोघी मिळून एक संत्रे सोलून खात होत्या. एकीला मराठी, दुसरीला स्पॅनिश. बस थांबली आहे म्हणून हिला जवळजवळ ओढूनच नेले. त्या बाईने उठून हिचे दोन्ही हात हातात घेतले. बस सुटली तरी ही मागे वळून पाहत होती.

रात्री हॉटेलवर तिने मला त्या वीस मिनिटांत काय काय झाले ते सांगितले. देवळातून, म्हणजे चर्चमधून, एक नवरी बाहेर आली आणि बाकांवरचे अनोळखी लोकही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दोन पोरे कारंज्यापाशी नाचाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा करत होती, चुकली की सगळा चौक हसे. एक म्हातारा रोज येतो आणि त्याच बाकावर बसतो, हे तिला शेजारणीने खुणांनी सांगितले होते. “आपल्या गावच्या पारावर बसल्यासारखं वाटलं मला,” ती म्हणाली. मी पुलावर चौदा फोटो काढले होते. त्यांतला एकही तिला दाखवावासा वाटेना.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. पुतण्या तांब्याच्या खाणीच्या कामानिमित्ताने लिमात राहत होता, त्याने खोली बघून दिली, आणि मार्च महिन्यात बारा दिवस आम्ही बारांकोत राहिलो. रोज त्या चौकात गेलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या बारा दिवसांच्या बळावर.

आधी नावाचे सांगतो, कारण आपल्या पत्रकांत तेही चुकते. बारांको हे लिमाचे ‘उपनगर’ असे आपण लिहिता. लिमा महानगराचे ४३ जिल्हे आहेत, प्रत्येकाला स्वतःचा महापौर आणि स्वतःची नगरपालिका. बारांको त्यांतला अगदी लहान, साडेतीन चौरस किलोमीटरही न भरणारा, २०१७ च्या जनगणनेत जेमतेम चौतीस हजार वस्तीचा जिल्हा. उत्तरेला मीराफ्लोरेस, दक्षिणेला चोरीयोस, पश्चिमेला पॅसिफिक. जिल्हा म्हणून तो २६ ऑक्टोबर १८७४ ला जन्मला. ‘बारांको’ म्हणजे घळ, कडा. रिमाक नदीने हजारो वर्षे वाहून आणलेल्या गोट्या-वाळूचा उंच कडा समुद्रावर एकदम तुटतो, आणि त्याला मध्येच एक घळ पडली आहे. त्या घळीच्या डोक्यावर हे गाव वसले. इथल्या माणसाला विचारा, तो आधी ‘बारांकिनो’ असतो, मग लिमाचा.

आणि चौक. त्याचे नाव ‘पार्के म्युनिसिपाल’, म्हणजे नगरपालिकेची बाग. लिमात चौकाला बाग म्हणायची पद्धत आहे. मीराफ्लोरेसच्या मुख्य चौकालाही ते बागच म्हणतात. बाग हा शब्द ऐकून आपले गाइड तिला ओलांडून जाण्याची मोकळी जागा समजतात, तिथेच सगळी गल्लत होते. ती गावाची ओसरी आहे. ताडाची झाडे, फुलांचे वाफे, मध्ये कारंजे आणि पांढऱ्या संगमरवराचा स्त्रीचा पुतळा, भोवताली बाक. एका अंगाला सांतीसिमा क्रूस हे चर्च, १९६३ मध्ये उघडलेले. दुसऱ्या अंगाला घड्याळाचा मनोरा असलेली लालसर इमारत. प्रवाशांना ती चर्चसारखी किंवा कचेरीसारखी वाटते. ते नगर वाचनालय आहे, मानुएल बेइन्गोलेआ या लेखकाच्या नावाचे.

इथे मी क्षणभर थांबतो, कारण ज्या ठाणे जिल्ह्यात मी वाढलो तिथे १८९३ साली लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. आपल्या गावोगावी नगर वाचनालये आहेत, पण ती बहुतेक बाजारपेठेतल्या माडीवर किंवा बोळाच्या तोंडाशी. गावाच्या मुख्य चौकात, असा मनोरा चढवलेले वाचनालय मी पहिल्यांदा बारांकोत पाहिले. सहलीतल्या अठ्ठावीस जणांत निदान वीस जण तरी पुस्तके वाचणारे होते. त्यांना हे कुणी सांगितले नाही. सांगायला एक मिनिट लागते.

या गावाची जडणघडण आपल्या प्रवाशांना सांगण्यासारखी आहे, ती आपल्या इतक्या जवळची आहे म्हणून. १८५८ मध्ये लिमापासून चोरीयोसपर्यंत रेल्वे सुरू झाली. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्यानंतर फक्त पाच वर्षांनी. ही गाडी बारांकोवरून जाई. तोवर कोळ्यांची आणि मळेवाल्यांची वस्ती असलेल्या या कड्यावर लिमाचे श्रीमंत, आणि त्यांच्याबरोबर इंग्रज, जर्मन, इटालियन व्यापारी, उन्हाळ्यात समुद्रस्नानाला येऊ लागले. त्यांनी खांबांच्या ओसऱ्या असलेली बैठी घरे बांधली. १९०४ पासून विजेची ट्राम आली, १९६५ ला ती बंद झाली. रेल्वे आली आणि गाव बदलले, ही गोष्ट डोंबिवलीच्या माणसाला कुणी समजावून द्यावी लागत नाही. तिथे उभ्या उभ्या ती त्याला कळली असती.

त्या घरांच्या भिंती नीट पाहायला सांगा. जुन्या घराचा गिलावा जिथे पडला आहे तिथे आत वेताच्या कामट्या आणि माती दिसते. तिथे तिला ‘किंचा’ म्हणतात. आम्ही कोकणात तिला कुडाची भिंत म्हणतो. माझ्या आजोळी, राजापूरजवळ, स्वयंपाकघराची भिंत कारवीच्या कुडाची होती, शेणामातीने लिंपलेली. लिमा भूकंपाच्या टापूत आहे. दगड-विटा पडतात तिथे कूड हलतो आणि उभा राहतो, म्हणून शतकानुशतके त्यांनी वरचे मजले किंचाचे बांधले. बायकोने एका पडक्या भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी असे क्षण विकत देऊ शकत नाही, आपणही देऊ शकत नाही, पण त्यांना वेळ देणे आपल्या हातात आहे.

जानेवारी १८८१ मध्ये चिलीच्या सैन्याने लिमावर चाल केली तेव्हा चोरीयोस आणि बारांको लुटले, जाळले. आज आपण जे रंगीत गाव बघतो ते त्या राखेनंतर पुन्हा बांधलेले आहे. पुलाची लाकडे, चर्चची छपरे, सगळ्यांना हा इतिहास आहे. ‘उसाश्यांचा पूल’ १८७६ सालचा, म्हणजे तो पाच वर्षांचा असताना गावाने ती आग पाहिली. श्वास रोखायच्या गमतीआधी एवढे कुणी सांगितले असते तर मी तो पूल वेगळ्या पावलांनी ओलांडला असता.

पुलाचे नाव घेतलेच आहे तर पुलाविषयीही लिहितो. पूल सुंदर आहे, माझी तक्रार पुलाविषयी नाही. पण पूल हे चौकाचे मागचे दार आहे. घरात न शिरता कुणी मागच्या दाराशी फोटो काढून परत जाईल का? चौकातून वाचनालयाच्या बाजूने उतरायचे, पुलाशी चाबुका ग्रांदा यांचा पुतळा लागतो. १९२० ते १९८३ हा त्यांचा काळ. पेरूच्या किनारपट्टीचे जे गाणे आहे, ज्याला ते ‘म्युसिका क्रिओया’ म्हणतात, त्यातल्या त्या फार मोठ्या रचनाकार. याच पुलावर त्यांनी एक वाल्ट्झ रचले आहे आणि ते तिथल्या कुणालाही गुणगुणता येते. आमच्या टूर मॅनेजरने पुतळ्याला ‘कुणी गायिका’ म्हटले. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितले नव्हते. परदेशी पाहुण्याला आपल्याकडे कुणी लताबाईंच्या तसबिरीसमोर ‘कुणी गायिका’ म्हणाले तर आपल्याला कसे वाटेल, तेवढा विचार व्हावा.

पुलापलीकडे ‘ला एर्मिता’ हे जुने चर्च आहे. समुद्रात धुक्यात वाट चुकलेल्या कोळ्यांना कड्यावर क्रूसासारखा उजेड दिसला, त्या रोखाने ते किनाऱ्याला लागले आणि तिथे त्यांनी हे देऊळ बांधले, अशी कथा आहे. १९४० च्या भूकंपाने ते मोडले, पुढे १९७४ च्या भूकंपाने आणखी. त्याच्या उघड्या पडलेल्या छपरावर काळी गिधाडे रांगेने बसलेली असतात. कोळ्यांचे देऊळ, धुके, दिवा: आपल्या हर्णै-दाभोळच्या प्रवाशाला ही कथा दोन वाक्यांत आपलीशी होईल. देवळामागून एक पायवाट कड्याच्या टोकापर्यंत जाते आणि अचानक सगळा पॅसिफिक समोर येतो. आमच्या वीस मिनिटांत तिथपर्यंत कुणीही पोचले नव्हते. पॅसिफिकपासून शंभर-दीडशे पावलांवर आम्ही पाठ फिरवली होती.

पुलाखालून ‘बाखादा दे बान्योस’ नावाची उतरण आहे, स्नानाची वाट म्हणा. दोन्ही बाजूंना जुनी घरे, जुने वृक्ष, घळीतून खाली समुद्रापर्यंत. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना खाली जाऊ द्या. ज्यांचे नाहीत त्यांना चौकात बसू द्या, आणि त्यांचा वेळ फुकट गेला असे समजू नका.

आता आकाशाचे. आपल्या बहुतेक सहली मे-जूनमध्ये किंवा दिवाळीच्या आगेमागे जातात. त्यातही मे ते ऑक्टोबर लिमावर राखाडी ढगांचे झाकण असते. समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे ते होते, पाऊस मात्र जवळजवळ नाहीच, फक्त ‘गारुआ’ म्हणतात ती भुरभुर. तिथले लोक या आकाशाला ‘गाढवाचे पोट’ म्हणतात. पत्रकात निळ्या आकाशाचा फोटो छापून प्रवाशांना तिथे नेले की ते हिरमुसतात आणि म्हणतात, फोटो चांगले येत नाहीत, चला. उलट हा चौक राखाडी संध्याकाळीच उजळतो. साडेपाच-सहाच्या सुमारास दिवे लागतात, लाल मनोरा, पिवळी घरे, बोगनवेल, सगळ्यांचे रंग त्या करड्या उजेडात अधिक गडद होतात. पहिल्या खेपेला आम्ही नेमके दिवे लागायच्या आधी निघालो. प्रवाशांना आधीच सांगा की आकाश गाढवाच्या पोटासारखे असेल. ते हसतील आणि वर बघतील.

या गावाला कलावंतांचे गाव का म्हणतात, हेही पत्रकात ‘बोहेमियन’ एवढ्या एका शब्दात उरकलेले असते. शब्द खोटा नाही, पण त्याखाली माणसे आहेत. होसे मारिया एगुरेन हा कवी १८७४ मध्ये जन्मला, म्हणजे बारांको जिल्ह्याच्याच वर्षी, आणि आयुष्याचा मोठा भाग इथे बहिणींबरोबर राहिला. त्याने स्वतःच्या हाताने एक चिमुकला कॅमेरा तयार केला होता आणि त्याने तो नखाएवढे फोटो काढी. इथून लिमापर्यंत पायी जाई असे सांगतात. फोटो स्टॉपच्या गावात हा फोटोवाला कुणाला ठाऊक नसावा, याचे मला फार वाईट वाटले. मार्तीन आदान या लेखकाची विशीत लिहिलेली, १९२८ साली आलेली कादंबरी याच गल्ल्यांतून, याच कड्यावरून फिरते. २०१० चे नोबेल मिळालेले मारियो वार्गास योसा यांचे लिमातले घर याच बारांकोत समुद्राकडे तोंड करून होते. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले.

चौकाला लागूनच ‘हुआनितो’ नावाचे १९३७ सालचे दुकानवजा मद्यगृह आहे, कवी-चित्रकारांचा जुना अड्डा. आपल्या सहलीत सगळे पिणारे नसतात, ठाऊक आहे. आत जाऊन भिंतींवरच्या जुन्या तसबिरी बघायला प्यावे लागत नाही.

खाण्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण फोटो स्टॉप वीस मिनिटांचा होतो तो खरे तर सात वाजताच्या इंडियन डिनरमुळे. तिकडे पनीर थंड होत असते म्हणून इकडे आपल्याला घाई असते. प्रवासी घरच्या चवीला आसुसतात हे मला मान्य आहे. माझ्याही पिशवीत चिवडा होता. पण एक संध्याकाळ विश्वास टाका. चौकाच्या आसपास संध्याकाळी ‘पिकारोनेस’ तळले जातात. रताळे आणि लाल भोपळा उकडून, कणीक घालून, आंबवून केलेल्या पिठाची कडी उकळत्या तेलात सोडतात आणि वरून ‘चान्काका’चा पाक ओततात. चान्काका म्हणजे गूळ. उसाचा, काळसर, ढेपेचा गूळ, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. पहिला घास घेऊन बायको म्हणाली, “अहो, हे तर घारगे!” पिकारोनेसवाल्या बाईला तिने हातवाऱ्यांनी सांगितले की आमच्याकडे भोपळा आणि गूळ एकाच पिठात मळतात, तुम्ही गूळ वरून ओतता. बाईला कळले. तिने पातेल्यातून गुळाचा एक खडा काढून हिच्या हातावर ठेवला.

आणि उपवासाच्या ताटाचे सांगून टाकतो. बटाटा, रताळे, शेंगदाणा, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे सगळे दक्षिण अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. एकादशीचे आपले अख्खे ताट त्या खंडाचे आहे. हे वाक्य टूर मॅनेजरने बसमध्ये म्हणावे आणि मग माणसांना चौकात सोडावे. ती इंडियन डिनरची आठवण काढणार नाहीत. ज्यांना मांसाहार चालत नाही त्यांच्यासाठी एवढीच काळजी घ्या की रस्त्यावर जे ‘आन्तिकुचोस’ भाजत असतात ते गाईच्या हृदयाचे असतात, हे आधी स्पष्ट सांगा. आमच्या सहलीत एका आजोबांनी वास छान आला म्हणून मागितले आणि नंतर कळल्यावर दोन दिवस ते गप्प होते. तशी वेळ कुणावर येऊ नये.

रात्री आठनंतर चौकाशेजारच्या सांचेस कारियोन या पादचारी गल्लीत आवाज सुरू होतो, तो सगळ्यांना मानवणार नाही. पण आसपासच्या एखाद्या ‘पेन्या’त, म्हणजे गाण्याच्या बैठकीत, तास-दीड तास बसता येते. गिटार आणि ‘काहोन’. आपल्याकडे हल्ली कॉलेजच्या बँडमध्ये पोरे ज्यावर बसून वाजवतात ते लाकडी खोके या किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांनी घडवले आहे. त्याचे बोल आमच्या तबला शिकलेल्या पुतण्याने मांडीवर लगेच धरले. ३१ ऑक्टोबर हा तिथे या संगीताचा दिवस असतो, १९४४ पासून. दिवाळीच्या सहली पुष्कळदा त्याच आठवड्यात लिमात असतात! चार पत्रकांपैकी एकातही त्याचा उल्लेख नाही.

आपल्या अडचणी मला कळतात. बस उभी करायला तिथे जागा नाही. मग बसने सोडून निघून जावे आणि ठरल्या वेळी यावे. मीराफ्लोरेसमध्ये हॉटेल असेल तर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांचे अंतर आहे. चौकाजवळ ‘बुलेवार’ हे मेट्रोपोलितानो बसचे स्थानकही आहे. स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे आणि ज्येष्ठांसाठी तो सगळ्यांत मोठा आहे. एखाद्या कॅफेशी आधी बोलून ठेवले तर तो सुटतो, आमच्या बारा दिवसांत तो तसाच सुटला. चोऱ्यांची भीती आहे, म्हणून मोबाईल हातात नाचवू नये, गळ्यात सोने घालू नये, अंधार पडल्यावर घळीच्या उतरणीवर जाऊ नये. दादरच्या गर्दीत वावरलेल्या माणसाला यातले काही नवीन नाही. आणि माणसे हरवतील असे वाटत असेल तर चौकाइतकी सोपी जागा दुसरी नाही. लाल मनोऱ्याखाली या, एवढे सांगितले की झाले.

वेळ कुठून आणायचा, तर माझ्या मते पहिल्याच दिवसातून. सहली लिमात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी कुस्कोला उडतात, सुमारे ३,४०० मीटरवर. बारांको मात्र समुद्राच्या काठी आहे. साडेदहा तास मागे गेलेले घड्याळ, सुजलेले पाय आणि उद्याची विरळ हवा, या तिन्हींसाठी संध्याकाळभर चौकात बसणे आणि थोडे चालणे याहून चांगले औषध नाही. सध्या आपण तो पहिला दिवस बसमध्ये घालवता. जुन्या शहरातली एक जागा कमी करा, खरेदीचा मॉल तर पूर्णच काढा. आमच्या सहलीत मॉलला सव्वा तास होता.

शिवाय गाइड बारांकिनो असू द्या. लिमातल्या गाइडला तारखा पाठ असतात. आम्हाला दुसऱ्या खेपेला जो तरुण भेटला त्याच्या पणजोबांचे ट्रामच्या कारखान्यात काम होते आणि त्याच्या आईचे लग्न त्याच चौकातल्या चर्चमध्ये झाले होते. तो तासभर बोलला तेव्हा एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. त्याने एक खंतही सांगितली: जुनी घरे पाडून उंच इमारती उठत आहेत, भाडी वाढली तसे जुने लोक निघून जात आहेत, रात्रीच्या गोंगाटाने म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. १९७२ पासून हा भाग संरक्षित आहे, तरीही. प्रवासी वीस मिनिटे येऊन फोटो काढून गेले तर गावाला गर्दी मिळते, पण कुणाच्या हातात काही पडत नाही. चार तास बसले, खाल्ले, एखादे चित्र विकत घेतले, तर पिकारोनेसवाल्या बाईला आणि चौकातल्या चित्रकाराला आपण आलो याचा काही उपयोग होतो.

ती संत्रेवाली बाई आम्हाला दुसऱ्या खेपेला भेटली का, असे डोंबिवलीत सगळे विचारतात. नाही भेटली. बायको पहिले तीन दिवस त्याच बाकावर बसून वाट पाहत होती. चौथ्या दिवशी शेजारी दुसरीच एक आजी येऊन बसली. हिने पिशवीतून संत्रे काढले आणि सोलून अर्धे तिच्यापुढे धरले.

पुढच्या मोसमाची पत्रके आपण आता छापायला देत असाल. माझी एकच विनंती आहे. लिमाच्या दिवसाखालची ती ओळ काढा आणि तिथे लिहा: ‘बारांको, मुख्य चौक. दुपारी साडेतीन ते रात्री आठ. जेवण तिथेच.’ ज्या संस्थेच्या पत्रकात ही ओळ असेल तिच्याकडे आम्ही दोघे, माझा धाकटा भाऊ-भावजय आणि आमच्या सोसायटीतली तीन कुटुंबे नाव नोंदवायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली